चाचांच्या जहाजाचा कठडा

मंडळी, बसलेल्यांनो, दारात उभ्यांनो. शोकसभेला सभागृह भरलं आहे. यासीनचाचा असते तर म्हणाले असते, "इतके लोक? कोनाचं लगन हाय बे?" मले भाषण येत नाही. चौथीत शाळा सुटली, मुंबईच्या गोदीत जहाजं रंगवतो. पण आज बोलल्याशिवाय जाणार नाही.

चाचा स्टोव्ह दुरुस्त करायचे, आपल्या नेरात पोराटोरांना माहीत. मी सुट्टीवर आलो की त्यांना जहाजाच्या गोष्टी सांगायचो. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. एकदा म्हणाले, "हातभर जहाज बनवतोच." फुटक्या स्टोव्हच्या टाक्यांचं पितळ घेतलं. कठड्याला केसासारखी बारीक तार. एक सांधा कथलानं झाळला की आचेनं शेजारचा सुटायचा. मग शेजारच्यावर ओली चिंधी धरायची, पुन्हा झाळायचं. पुन्हा सुटायचा. चाचा शिव्या द्यायचे. तारेले, जहाजाले, मले. "तूच आनलं हे खूळ!"

तुम्ही काय म्हणत होता? "नेरात पाणी नाही, जहाज कायले?" चाचा म्हणायचे, "तुमच्यात अक्कल नाही, तरी डोकं वाह्यताच ना?"

त्यांची एकच इच्छा होती. जहाज एकदा या सभागृहात मांडावं, लोकांनी पाहावं. तुम्ही म्हणालात, स्टोव्हवाल्याचं खेळणं इथं कशाला? आठवते ना? मग माना खाली काहून?

आज ते टेबलावर आहे. चमकून राह्यलं. चमकणारच! घरच्या तांब्या-गडव्यासारखं चिंच-राखेनं घासलंत. या, जवळून पाहा. डाव्या बाजूचा कठडा कुठे आहे? कोणाच्या चिंचेच्या चोथ्यात गेला? माणूस होता तोवर बोट लावलं नाही. गेला, आणि घासून काढलं.

वरून आत्ताच अध्यक्षसाहेब म्हणाले, जहाज इथंच कपाटात राहील, गावाचं भूषण. चाचीले विचारलं? चाची इद्दतीत आहे, नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडू शकत नाही. "सभेपुरतं द्या" म्हणून तिच्या घरातून आणलंत. सकाळी मले पडद्याआडून म्हणाली, "बेटा, जहाज वापस आनजो. घर खाली लगता है."

मंडळी, उभे राहा. दोन मिनिटं गप्प राहू. पहिल्यांदाच चाचांबद्दल कोणी काही बोलणार नाही.

तेवढ्यात मी जहाज उचलतो. मध्ये येऊ नका. मदतीलाही येऊ नका. उजवा कठडा अजून शाबूत आहे.

सलाम, चाचा. चला घरी.