फॉर्मवर मी 'आहे' लिहिलं

मंडळी, मागे उभ्या असलेल्या मुलींना पुढे येऊ द्या. सतरंजीवर जागा आहे. या गं, बसा.

मी पौनीकर, आपल्या खो-खो क्लबचा सचिव. पहिल्या दिवसापासून सुमनताईंसोबत होतो, म्हणून मलाच बोला म्हणाले.  पण ताई गेल्याच्या दुःखाशिवाय आज आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

ताई शाळेतून रिटायर झाल्या आणि कांचघरच्या त्या उघड्या मैदानावर अकरा पोरी घेऊन उभ्या राहिल्या. आज शंभरावर पोरी येतात. घमापुरातून येतात, खमरियाच्या क्वार्टरांतून येतात. क्लब वाढला. मैदान तेच. खांब दोन. ना नळ, ना भिंत, ना संडास. पोरींनी काय करायचं?

त्या ताईंच्या घरी जायच्या. मैदानाला लागूनच घर, आत न्हाणी आणि संडास. पाच वाजले की अंगणात चपलांचा हा ढीग! ताई चारलाच न्हाणीतले दोन ड्रम भरून ठेवायच्या. कोनाड्यात बिस्किटांचा जुना डबा, त्यात पोरींसाठी पॅड. बाहेरून आवाज, "आंटी, खोलिए ना, जल्दी!" आतून ताई, "अगं हो, आले, आले!" गुडघ्यावर हात टेकून उठायच्या. मला चिडवायच्या, "पौनीकर, तुमच्या क्लबचं हेड ऑफिस म्हणजे माझी न्हाणी, बरं का जी!" आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो.

मग क्लबला क्रीडा खात्याची मान्यता घ्यायची ठरली. फॉर्म आला. ताईंच्या ओट्यावर बसून मी भरून राहिलो होतो. एक रकाना होता. मुलींसाठी प्रसाधनगृह आहे की नाही? मी विचारलं, "ताई, काय लिहू?" त्या म्हणाल्या, "नाही, तर नाही लिहा." मी म्हणालो, "काहून? 'नाही' लिहिलं तर मान्यता अडेल ना. तुमचं घर आहेच की." आणि मी लिहिलं, 'आहे'. ताई उठल्या. चहा टाकायला आत गेल्या.

मान्यता मिळाली. मी पेढे वाटले! दरवर्षी फॉर्म आला, दरवर्षी मी 'आहे' लिहिलं. पाहणीला साहेब आले, त्यांना ताईंचीच न्हाणी दाखवली. "बढ़िया है," म्हणाले आणि गेले. जे आधीच आहे, ते कोण बांधून देणार, सांगा?

मागच्या उन्हाळ्यात डॉक्टर ताईंना म्हणाले, हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल. त्यांच्या लेकीनं, मुग्धानं, नागपूरला सगळी तयारी केली. ताई मला म्हणाल्या, "दोन महिने घराला कुलूप लागेल हो. पोरी कुठं जातील?" किल्ली कुणाकडेही ठेवता आली असती. पण आई-बाप पोरी पाठवायचे ते ताई घरात आहेत म्हणून. तेव्हा मी काय म्हणायला पाहिजे होतं? क्लब गेला चुलीत, तुम्ही उद्याच्या गाडीनं निघा, हेच ना? मी म्हणालो, "ताई, स्पर्धा तेवढी होऊन जाऊ द्या." स्पर्धा झाली. मग परीक्षा आल्या. मग निवड चाचणी आली. मी दर वेळी म्हणालो, एवढं होऊन जाऊ द्या. त्या दर वेळी म्हणाल्या, "बरं जी."

मागच्या मंगळवारी ड्रम भरता भरता त्या खाली बसल्या. उठल्या नाहीत.

मुग्धा, तू समोर बसली आहेस. तुझी आई स्वतःच्या हट्टानं थांबली, असं तुला वाटत असेल. तिला मी थांबवलं, बेटा.

दुसऱ्या दिवशी मी त्याच ओट्यावर बसलो होतो. पाच वाजले. लांबून येणाऱ्या चार पोरी आल्या. त्यांना कळलं नव्हतं. दार वाजवून राहिल्या होत्या. "आंटी, खोलिए ना." मला उठून सांगता आलं नाही हो. त्या वाजवत राहिल्या, मी ऐकत राहिलो. आता घरी बसलो तरी पाचला तेच ऐकू येतं. मी उठून दार उघडतो. बायको म्हणते, "अहो, कोणी नाही."

आत्ता बाहेर चपला काढताना शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "पोरींना आमच्याकडे येऊ द्या, आमचं घर आहेच." काकू, तुमचे पाय धरतो. पण नको. तुम्ही दार उघडलं की मी पुन्हा 'आहे' लिहीन. मी मला ओळखतो. आणि काही वर्षांनी इथंच तुमच्या फोटोला हार घालून बोलत असेन.

या वर्षीचा फॉर्म माझ्या खिशात आहे. यात मी 'नाही' लिहिलं. मान्यता जाईल कदाचित. नळ, भिंत आणि आतून कडी लागेल असा संडास होईपर्यंत सराव बंद. मुलींनो, तुम्ही मला शिव्या द्याल. काही जणी परत येणारच नाहीत, हेही मला माहीत आहे. उद्या सकाळी अकराला मी क्रीडा खात्याच्या कार्यालयात जाऊन बसतो. ज्यांच्या पोरी आहेत त्यांनी सोबत यावं. नाही आलात तर एकटा बसेन.

मुग्धा, मी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

चला, उभे राहू या. दोन मिनिटं आपण मोठी माणसं गप्प राहू, तेवढं तर आपल्याला जमतं. मुलींनो, तुम्ही गप्प राहू नका. रडायचं तर मोठ्यानं रडा.