तीन झटके

हे बघा, भुताखेतांवर माझा बिल्कुल विश्वास नाही. पण फायर ब्रिगेडमध्ये असताना पहाडगंजच्या एका हॉटेलात भरदुपारी आग लागली, तेव्हा दोरी माझ्या हातात होती.

धुरात शिरणाऱ्याच्या कमरेला आम्ही दोरी बांधतो आणि दुसरं टोक दारातल्या माणसाकडे असतं. बाहेरून एक झटका म्हणजे ‘ठीक आहेस ना?’ आतून तीन झटके म्हणजे ‘मला बाहेर काढा.’

आमचा बलबीर आत जाऊन आला. म्हणाला, "कमरे खाली हैं. रस्सी सीढ़ी में अटक गई, वहीं छोड़ दी."

तेवढ्यात माझ्या हातातल्या दोरीला तीन झटके बसले.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी माणसं मोजली. "सब बाहर हैं, यार."

पुन्हा तीन झटके. साहेबांनी दोरी स्वतःच्या हातात घेतली. म्हणाले, "तीन मतलब तीन. चलो."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये हॉटेलची कपडे धुणारी बाई बेशुद्ध पडलेली सापडली. फुटपाथवर तिने डोळे उघडले, तेव्हा मी विचारलं, "दीदी, रस्सी आपने खींची?"

"कौन सी रस्सी, भैया?"

मग मी दोरी गुंडाळायला घेतली. जेमतेम चार हात आली. पुढची सगळी जळून गेली होती.

पुढे नोकरीभर दोरी गुंडाळायच्या आधी मी तिला एक झटका द्यायचो. उत्तरासाठी मात्र कधी थांबलो नाही.