डावीकडून येणारी गाडी

…नाही नाही सर, मागे कशाला, पुढेच बसा, ही सीट मी तुमच्यासाठीच ठेवली आहे. बॅग पायाशी सरकवा. कधी सुटणार म्हणता — भरली की सुटणार, मोलगीच्या जीपला दुसरं घड्याळ नाही. मागे बारा झाले, तेरावे तुम्ही, एक माणूस अजून आला की निघालो. तोवर हे धरा. धरा ना, चावत नाही. गेम आहे. मोटारींच्या शर्यतीचा. हसा, हसून घ्या, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आणि खिशात गेम — सगळा अक्कलकुवा स्टँड हसतो. तो वीरसिंग बघा, लाल जीपला टेकून उभा, माझ्यामागे त्याचा नंबर आहे, तो मला रेसवाले शेठ म्हणतो. म्हणू दे. मी पण त्याच्या जागी असतो तर म्हटलंच असतं.

मुलीने दिला. चेतनाने. नर्स आहे धुळ्याला. तंबाखू सोडवायची होती तिला माझी — म्हणाली, बाबा, पॅसेंजर भरेपर्यंत तुमचा हात रिकामा राहतो म्हणून डबी निघते, हाताला काम द्या. दिवाळीत हे हातात ठेवलं. मी म्हटलं, बाई, मी रोज घाटात खरी गाडी चालवतो आणि तू मला खोटी चालवायला देते? पण खोटं कशाला बोलू, तिसऱ्या दिवशी तंबाखूची डबी घरी विसरलो आणि हे नाही विसरलो. एक व्यसन गेलं, दुसरं लागलं, एवढंच की हे थुंकावं लागत नाही. आता तुम्ही नवे मास्तर, शिकलेले, तुम्हाला म्हणून सांगतो — गेममध्ये चांगलं काय आहे आणि वाईट काय, यावर या स्टँडवर माझ्याइतका अभ्यास कोणाचा नाही. पोरांचाही नाही. पोरं खेळतात, मी विचार करतो. हरणाऱ्याला विचार करायला वेळ मिळतो ना.

चांगलं ऐका आधी. बटण दाबलं की शर्यत सुरू. कोणाची ओळखपाळख नाही, राजाराणीची गोष्ट नाही, लांबण नाही. तीन मिनिटांत खेळ खलास — जीप भरायला जितका वेळ लागतो त्याच्यात पाच-सहा शर्यती आरामात होतात, जणू जीपवाल्यांसाठीच बनवला. दुसरं, आवाज. कानाजवळ धरा, इंजिनाचा आवाज बघा, माझ्या जीपचा तरी असा आहे का? माझ्या जीपला दमा आहे. तिसरं म्हणजे रस्ते. काय रस्ते आहेत हो, समुद्राकाठून, बर्फातून, एक खड्डा नाही — मी पहिल्यांदा बघितले तेव्हा शर्यत सोडून रस्तेच बघत बसलो, शेवटचा आलो. आणि सगळ्यात भारी — ठोकली तरी काही होत नाही. गाडी उलटली, पेटली, तीन सेकंद थांबा, परत रस्त्यावर उभी. ना पंचनामा, ना कोणाच्या घरी निरोप.

वाईटपण सांगतो. हॉर्न नाही. कल्पना करा सर, गाडीचा गेम आणि हॉर्न नाही. ज्याने बनवला त्याला एकदा माझ्या बाजूला बसवा, देवगोईच्या घाटातल्या वळणावर बिनहॉर्नचा कसा जातो बघू. ब्रेक आहे पण नावाला, ब्रेक दाबला की मागचे सगळे पुढे, म्हणजे जो सांभाळून चालवेल तो हरेल — हा कुठला न्याय? मी सपाटीतला माणूस, ब्राह्मणपुरीचा, आमच्याकडे तापीकाठी रस्ता सरळ, वळण बघायला परगावच्या लग्नाला जावं लागतं. घाट मी तिशीत शिकलो. वीरसिंगचा बाप शिकवायचा मला, म्हणायचा, पाटील, ॲक्सिलेटर कोणीही दाबतो, ड्रायव्हर ब्रेकवर ओळखावा. अठ्ठावीस वर्षं त्याच्या शब्दावर काढली, एका माणसाला खरचटलं नाही माझ्या गाडीत. आणि या डबीत रोज मरतो. दिवसातून दहा वेळा मरतो.

आणि मरतो कसा, तेच सांगायचं होतं. डावीकडून. आधी नव्हतं असं, दीड महिना झाला, नेहमी डावीकडून. मी पुढे असतो, एकदम पुढे, पहिला नंबर, आणि डाव्या अंगाने एक गाडी येते — येते म्हणजे काय, येत नाही, असतेच एकदम. ठोकते. मी म्हटलं हा बनवणाऱ्याचा दोष आहे, डावीकडच्या गाड्या त्याने नीट काढल्याच नाहीत. आता आम्ही खापरला राहतो, तिथे घराजवळच रिषभचं मोबाईलचं दुकान आहे, चेतनाने तिथूनच घेतला होता. गेलो त्याच्याकडे. म्हटलं, रिषभ, माल खराब आहे, बदलून दे. बिचारा पोरगा भला, बदलून दिला. आठ दिवसांनी परत गेलो — तोच दोष. तोही बदलला त्याने. हा जो तुमच्या हातात आहे ना, हा तिसरा. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने दुकानात चार गिऱ्हाइकं उभी ठेवून स्वतः खेळून दाखवला, एकदाही ठोकली नाही, पहिला आला, आणि हळूच म्हणाला, काका, गेम दोनदा बदलला, आता एकदा माणूस बदलून बघू का? सगळं दुकान हसलं. मी पण हसलो. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो.

खेळा ना तुम्ही, हे बटण पुढे जायचं. हां. खेळता खेळता ऐका. घरी काय चाललं होतं सांगतो, गंमत आहे. होळी जवळ आली तसं मी बायकोशी भांडत होतो — शीला तिचं नाव — की तू चटणी का वाढत नाही. महिना झाला, ताटात भाजी आहे, वरण आहे, चटणी नाही, लिंबू नाही, मीठ नाही. ती म्हणायची, वाढली. मी म्हणायचो, कुठे वाढली? म्हातारपणी नवऱ्याचा बीपी सांभाळते वाटलं मला, चेतनाने फोनवर सांगितलं असेल, मीठ-तिखट बंद करा. मी पण हट्टी, मागितलं नाही, अळणी गिळत राहिलो आणि तोंड फुगवून बसलो. परवा दुपारी मात्र राहवलं नाही. ओरडलो. तर ती पोळी तव्यावर सोडून आली, म्हणाली, "ताटमाच शे ना. तुमले दिखत नही का?" मी म्हटलं, नाही दिसत. मग काय सर, खाली बसली आणि तिने ताट फिरवलं. नुसतं अर्धं फिरवलं. आणि चटणी आली. लिंबू आलं, मीठ आलं, पापडसुद्धा होता. आपल्याकडे वाढायची रीतच आहे ना, चटणी-लिंबू डाव्या अंगाला, भाजी उजव्या. महिनाभर मी अर्धं ताट जेवून उठत होतो आणि तिला वाटायचं, मी रागाने टाकतोय. तिकडे पोळी करपली. तव्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

तुम्ही जिंकले? पहिल्याच खेपेला? मास्तर लोकांचं असंच असतं.

नाही, डोळे चांगले आहेत हो. दोन्ही चांगले, लांबची पाटी वाचून दाखवतो तुम्हाला. शीलाने फोन लावला, चेतना म्हणाली, डोळ्याचं नाहीच, डोक्यातल्या नसेचं दिसतंय, मध्ये कधी चक्कर आली होती का? आली होती. संक्रांतीनंतर, इथेच, बॉनेट उघडून उभा होतो, हात बधिर झाला, तोंड वाकडं झाल्यासारखं वाटलं. पाणी पिलो, अर्धा तास झाडाखाली पडलो आणि भरलेली जीप घेऊन मोलगीला गेलो. वाटलं पित्त आहे. पित्त म्हटलं की आमच्याकडे सगळं बसतं त्यात. चेतना फोनवर रडायला लागली, म्हणाली, उद्याच्या उद्या धुळ्याला या. शीलाने चावी मागितली, म्हणाली, "आते गाडीले हात लावू नका." मी दोघींना सांगितलं, होळी होऊ द्या. होळी आठ दिवसांवर आहे सर, पुण्या-मुंबईकडे नाही कळायचं, सगळा डोंगर या दिवसांत बाजाराला उतरतो, वर्षातली हीच गर्दी. आठ दिवस. अठ्ठावीस वर्षं ज्याने काढली त्याला आठ दिवस काय?

आणि मी काही आंधळा होऊन चालवत नाही. मान वळवतो. परवापासून घुबडासारखी मान फिरवतो, दुखायला लागली आहे. रस्ता पाठ आहे, कुठे खड्डा, कुठे कठडा तुटलेला, सगळं. वर जाताना डावीकडे बहुतेक डोंगरच असतो, डोंगर काय अंगावर येतो? येताना मात्र दरी. म्हणून काल येताना मी मध्यावरून चालवली, तर समोरून ट्रकवाला आला, त्याने आईबहीण काढली माझी. बरोबरच होतं त्याचं. हे ऐकून तुम्ही बॅगेला हात कशाला लावता, बसा. आता सांगूनच टाकतो, तुम्हाला पुढे का बसवलं. मास्तर म्हणून नाही हो. चष्मा बघितला. म्हटलं, शिकलेला माणूस, नजर ठेवेल, गप्पा मारता मारता डावीकडचं सांगत जाईल — पाटील, गुरं आहेत, पाटील, माणूस आहे — आणि त्याला कळणारही नाही की तो गाडी चालवतोय. गेममध्ये दोन खेळाडूंची सोय आहे, तशी. बघा, किती हुशार माणूस आहे मी. चाळीस वर्षांपूर्वी ही हुशारी दाखवली असती तर मॅट्रिक पास झालो असतो.

वीरसिंग हात करून राहिला, निघा म्हणतो. अरे, एक बाकी आहे अजून, तेरावरच आहेत. कुठे भरली? सर, हा तिकडून काय बोट दाखवतो? काय म्हणता तुम्ही? — कोण उभं आहे? कुठे — तुमच्या मागच्या दाराशी? थांबा. मान वळवू द्या.

जसोदाबाई आहे.

कधीपासून उभी आहे ही? तुम्ही बसलात तेव्हाची? एवढा वेळ मी तुमच्याकडे तोंड करून बोलतोय आणि ही त्या दाराला हात लावून — अगं बाई, बोलायचं ना, आवाज द्यायचा. काय म्हणते ती? पुटपुटते नुसती, तुमच्या कानाशी आहे — सर, काय म्हणते? — ड्रायव्हर बस म्हणाल्याशिवाय कशी बसू म्हणते. बरोबर, तीच रीत आहे आमच्याकडे, टपावर कोण, मागे कोण, ड्रायव्हर सांगतो. दहा वर्षं माझ्याच गाडीत बसते ही, दुसऱ्याची धरत नाही. आणखी काय म्हणते? सांगा ना, मला वाईट नाही वाटणार. — मागच्या बाजारी पण? हात केला होता? रस्त्यात पुढे येऊन? आणि मी बाजूने काढून नेली. तिला वाटलं, पाटील रागावले. रागावले म्हणून अंगाला घासून गाडी नेली. तिने दंड दाखवला ना तुम्हाला आत्ता, वर केला ना हात? मला नाही दिसला, तुम्ही सांगा. खरचटलं आहे? किती? — नुसतं खरचटलं आहे ना?

मगाशी मी तुम्हाला काय सांगितलं, माझ्या गाडीत एकालाही खरचटलं नाही. ते खोटं झालं. आठ दिवसांपूर्वीच खोटं झालं होतं आणि मी छाती फुगवून सांगत होतो. ही बाई इथे पाव तास उभी राहून माझी बढाई ऐकत होती, आणि तरीही माझ्याच गाडीत बसायला उभी होती. मला भीती वाटते सर. हसण्यावारी नेलं सगळं, पण परवापासून मला फार भीती वाटते.

उतरा. नाही, ऐका माझं, उतरा तुम्ही. मागच्यांना सांगा, सगळे उतरा म्हणावं, सामान वीरसिंगच्या जीपवर टाका, माझा नंबर त्याला दिला. जसोदाबाईला तिथे पुढे बसवा, इथे तुम्ही होतात तशी, म्हणावं ड्रायव्हरने सांगितलं आहे. आणि ही चावी घ्या. घ्या म्हणतो ना. वीरसिंगच्या हातात द्या आणि सांगा, मी मागितली तरी द्यायची नाही, रडलो तरी नाही — मला ओळखतो मी, तासाभराने परत बसेन. धुळ्याची बस कुठून लागते ते मला माहीत आहे, बघत काय बसलात, जा.