कणगीतलं नाणं

मंडळी, देवाचं नाव घेतलंत, आता एका प्रश्नाचं उत्तर द्या. मुलुखात पैसा किती खेळतोय हे मोजलं, म्हणजे माणसं सुखात आहेत की नाहीत हे कळतं का? नुसती मान हलवू नका! बँकेतून निवृत्त झालेले आपले दामलेकाका पुढेच बसलेत. ते म्हणणार, कळतं की बुवा! बरं. मग ऐका.

चंदनखेड नावाचं लहानसं संस्थान होतं. तिथे गिरमाजीपंत हे पोतनीस, म्हणजे राजाचा खजिना सांभाळणारे. माणूस चोख! त्यांची रीत अशी — टांकसाळीतून नाणं किती बाहेर गेलं ते बघायचं, शेतसाऱ्याच्या रूपानं किती परत आलं ते वजा करायचं. उरलं ते रयतेच्या हातात. आकडा वाढला की मुलूख भरभराटला! यात चूक दिसते का कुठे? मलाही दिसली नसती.

एका वर्षी पाऊस पडलाच नाही. राजा भला. त्यानं सारा माफ केला, रस्त्याची कामं काढली, मजुरी रोख दिली. मग पंतांना विचारलं, सरकारी कोठारं उघडायची का? पंतांनी आकडा काढला. एरवी ऐंशी हजार नाणं बाहेर असायचं, ते दीड लाखावर गेलेलं!

"महाराज," पंत म्हणाले, "रयतेच्या हाती इतका पैसा कधीच नव्हता. पैसा आहे तिथे व्यापारी धान्य आणतीलच. कोठारं राहू द्यावीत."

राहिली! कुलपं तशीच राहिली.

पंतांना एकच लेक, येसू. आई लहानपणीच गेलेली, पंतांनीच तिच्या वेण्या घातलेल्या. दिली होती दोन दिवसांच्या वाटेवर, बोरतळ्याला. तिचा निरोप आला — बाबा, दाणे पाठवा. पंतांनी काय पाठवलं? पाच नाणी! बाजारातून घे म्हणाले. पुन्हा निरोप आला — दाणे पाठवा. पुन्हा पाच नाणी. अहो, बाप चिकट नव्हता हो! पैसा पाठवला म्हणजे सगळं पाठवलं, असं त्याला वाटलं. तिसरा निरोप आलाच नाही. पंत म्हणाले, चला, पोरीचं भागलं.

पुढच्या महिन्यात पंत बोरतळ्याला गेले. बाजार ओस. व्यापाऱ्यांचे बैल वैरणीवाचून वाटेतच मेलेले, धान्य येणार कशावर? दारात विहीण बसली होती, नुसती हाडं उरलेली. पंतांनी विचारलं, येसू कुठे आहे? ती उठली. त्यांचा हात धरून आत कणगीपाशी घेऊन गेली. कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची उंच टोपली, हे तरुण मंडळींसाठी सांगतो. पंतांनी वाकून पाहिलं. दाणा नाही. तळाशी दहा नाणी.

"आमच्याकडे कणगी रिकामी ठेवत नाहीत," विहीण म्हणाली. "दाणा संपला की तळाला नाणं ठेवायचं. बाजारात घ्यायला काही नव्हतंच, म्हणून येसूनं सगळी इथेच ठेवली. अकरा दिवस झाले तिला जाऊन. जाताना म्हणाली, बाबांना सांगा, नाणी जपून ठेवलीत."

मग तिनं सांगितलं, गावात घरोघरी हेच आहे. रस्त्याची मजुरीही कणगीतच पडून आहे.

दीड लाख नाणं! ज्याला ते भरभराट म्हणत होते, ते रिकाम्या कणग्यांच्या तळाशी पडलं होतं. आकडा चढत होता तशी भूक चढत होती, आणि पोतनीस मिशीला पीळ देत होते!

रडले का? पोटभर रडले. मग तसेच अनवाणी राजापुढे जाऊन उभे राहिले.

"महाराज, माझी मोजणी बरोबर होती. मी कुणाच्या घरात वाकून पाहिलं नाही."

त्याच दिवशी कोठारं उघडली. बोरतळ्याचं पहिलं पोतं पंतांनी स्वतःच्या पाठीवरून नेलं, लेकीच्या कणगीत ओतलं. त्याआधी विहिणीनं ती दहा नाणी काढून त्यांच्या हातावर ठेवली. पंतांना मूठ मिटवेना. मुलूख वाचला हो, येसू नाही वाचली!

मृदंग जरा थांबवा. दामलेकाका, डोळे पुसा, तुमच्यावर राग नाही माझा. मोजायला हवंच. पण मंडळी, तुमची म्हातारी आई गावाकडे एकटी आहे. महिन्याला पैसे पाठवता, फोनवर विचारता, मिळाले का? ती म्हणते, मिळाले. झालं, तुम्ही फोन ठेवता! आज घरी गेल्यावर तिला विचारा, जेवलीस का? ती हो म्हणेल. आईच ती, हो म्हणणारच. तिचं खरं मानू नका. उद्याची गाडी पकडा, घरात जा, आणि डब्यात वाकून बघा.

आता हरी म्हणा. आज हळूच म्हणा.