दुर्बिणीची नळी

"सिस्टर, ती नळी आत मोडायची न्हाई ना?"

अठ्ठ्याऐंशी साली परभणीच्या एका दवाखान्यात ऐकलेला चतुराबाईचा तो आवाज अजून कानात आहे. दुर्बिणीच्या खोलीबाहेर बोरी गावचं ते म्हातारं जोडपं, चतुराबाई आणि किशनराव, बसलेलं, आणि शेजारी मी, तिथली नर्स.

"नाही मोडत, मावशी. वेलासारखी मऊ असते. घशातून वळत वळत जाते. जिथं अडेल तिथं डॉक्टर बाहेरून चाक फिरवून तिचं टोक वळवतात."

"आयकलं का? नळीला बी वळता येतंय. तुमी आपले सदा ताठ!"

"गप बस."

"कशाची गप? सालभर माझ्या भाकरीला नावं ठेवायलेत, सिस्टर. कडक हाय म्हनं. दुधात कुस्करून दिली तरी ताट सरकवलं."

"बाबा, घास कधीपासून अडकतो? डॉक्टरांना नेमकं कळायला हवं."

"झाले की आठ दिस."

"बरं. चला आत."

किशनराव उठले, दारापर्यंत गेले आणि चौकट धरून थांबले.

"सिस्टर, आठ दिस न्हाई. गेल्या सुगीपासून घास उतरत न्हाई."

"अवो, मंग बोलला का न्हाईत?"

"तुला घोर लागला आसता. आगं, भाकर मऊच हुती तुझी."