दहाची टेप

परीक्षा केंद्राबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. आई शिवणकामावरून थेट आली असावी. मापाची टेप गळ्यातच राहिली होती. कॅल्क्युलेटर आईच्या हातात, वही मुलीच्या.

"आई, हे शेवटचं. एक्याऐंशीचा लॉग, पाया तीन."

"एक पॉइंट त्रेचाळीस."

"परत तेच! एक्याऐंशीला तीनने भागलंस आणि मग लॉगचं बटण दाबलंस."

"भागायचं तूच म्हणालीस ना?"

"आधी दोघांचे लॉग काढायचे गं, मग भागायचं."

"थांब. या बटणाचा पाया कायम दहाच ना?"

"हो."

"म्हणजे ही दहाची टेप. दोन्ही कापडं आधी याच टेपने मापायची, मग बघायचं, एक दुसऱ्याच्या किती पट. आणि मी मापं न घेताच कात्री चालवत होते!"

"मग कर आता."

"हा एक्याऐंशीचा. हा तीनचा. भागिले... चार! तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस त्रिक एक्याऐंशी. तीनचा आकडा चार वेळा. बरोबर."

"माझा नवा घेऊन जा. त्यात पाया थेट टाकता येतो."

"नको. दोनदा नापास झाले ती यावरच. पासही यावरच होणार."

दारातून पर्यवेक्षक ओरडले, "मुलीला आत सोडा, पालकांनी बाहेर थांबा."

"परीक्षा माझी आहे, सर. पालक ही."

"बरं, या. ती टेप बाहेर ठेवा."

"धर गं. आणि मी बाहेर आल्या आल्या, पेपर कसा गेला म्हणून विचारू नकोस."