साहेब हाताने आराखडे का काढू लागले

माननीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरील पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आमचे साहेब, त्यांच्यासोबत आलेल्या वहिनी, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पटकावलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

साहेबांचा स्वभाव संशयी आहे, असं मी इथे म्हटलं तर वहिनी रागावणार नाहीत ना? हसताहेत, म्हणजे त्यांचाही अनुभव तोच दिसतो.

घरात संगणक असणं ही तेव्हा नवलाई होती. माझी मुलगी तान्ही होती आणि नोकरी सोडून भागणार नव्हतं. घरांचे आराखडे काढायचा प्रोग्राम चाले इथल्या मोठ्या मशीनवर. मी तो टेलिफोनच्या तारेवरून घरच्या संगणकावर वापरायचे. चित्र वरून खाली एकेक पट्टी करत उतरायचं. इथे दुसरं कुणी त्याच मशीनवर बसलं, की आणखी रखडायचं. एक भिंत सरकेपर्यंत मुलीचा लंगोट बदलून व्हायचा. सासूबाई विचारायच्या, "हे काम आहे की वाट बघणं?"

साहेबांना वाटलं, ही घरी झोपा काढते. एका संध्याकाळी फोनवर म्हणाले, "बाई, दिवसभर लाईन जोडलेली आणि काम चिमूटभर. असंच चाललं तर तुमची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

आणि एका दुपारी न कळवता दारात हजर. सासूबाई माझ्या कानाशी लागल्या, "चोर पकडायला आलाय. पाणी दे, पण फार गोड बोलू नकोस."

साहेब थेट माझ्या खुर्चीवर बसले. "खिडकी बसवायची ना? त्यात काय एवढं!" बटण दाबलं. काही नाही. मी म्हटलं, "थांबा साहेब, पोचतंय." त्यांना वाटलं, ही काहीतरी लपवते आहे. मग माऊस सरकवत धडाधड दाबत सुटले. सगळं दाबलेलं सावकाश तिकडे पोचलं, सावकाश परत आलं, आणि न्हाणीघराच्या भिंतीला ओळीने खिडक्याच खिडक्या!

सासूबाई म्हणाल्या, "अंघोळ करणाऱ्याने लाजायचं तरी कुणाकुणाला?"

साहेब हसले नाहीत. पाणी प्यायले आणि गेले. मी धरूनच चालले, नोकरी गेली.

पण दुसऱ्या दिवसापासून चित्र बरंच लवकर उतरू लागलं. आनंद व्हायला हवा होता. मला आली शंका. आता सबबच उरू नये, असा डाव तर नसेल? लाईन सोडली आणि ऑफिसातल्या माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला हळूच फोन केला.

"कसला डाव गं? दुपारी त्या मशीनवर तू आणि साहेब, दोघंच तर असता. साहेबांनी आपलं काम त्यावरून काढून घेतलंय. कागद पसरून हाताने आराखडे काढताहेत. विचारलं तर म्हणाले, पडद्याने डोळे दुखतात."

साहेब, त्यानंतर तुम्ही मला कितीदा टोचून बोललात आणि मी कधी उलट उत्तर दिलं नाही. सगळ्यांना वाटायचं, मी तुम्हाला घाबरते.

मला दोन शब्द बोलू दिलेत, त्याबद्दल संयोजकांची मी आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुठे पायरी सोडली असेन तर आपण सर्वांनी, आणि साहेबांनीही, ते पोटात घालावं.